बायाक्काची हनुवटी

आमच्या घरात पडद्याची खोली एकच होती, आणि तो पडदाही उजेडापासून होता. आष्ट्याच्या एसटी स्टँडासमोर अब्बांचा फोटो स्टुडिओ. पुढं स्टुडिओ, मागं घर, आणि दोन्हींच्या मध्ये, जिथं पूर्वी सरपण ठेवायचे, तिथं डार्करूम. दहावीनंतर माझं शिक्षण थांबलं तेव्हा अब्बांनी मला त्या खोलीत बसवलं. नात्यातल्या बायका यायच्या आणि अम्मीला म्हणायच्या, "तुमची जैबुन किती गुणाची, दिवसभर कुणाच्या नजरेला पडत नाही." अम्मी मान डोलवायची. ती गुणाची मुलगी त्या वेळी काळ्या पडद्याआड फिल्मची टाकी हलवत, तोंडात गूळ-शेंगदाणे कोंबून, स्टँडावरच्या कंडक्टर-ड्रायव्हरांच्या शिव्या पाठ करत बसलेली असायची. खोलीची एका अंगाची भिंत एका विटेची होती, स्टँडावरचं सगळं स्वच्छ ऐकू यायचं. आज कुणी माझ्या लिहिण्यातल्या मोकळेपणाचं कौतुक केलं की मला पहिल्यांदा ती भिंत आठवते.

दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी होती, दगडूमामाची. गिरणी सुरू झाली की आमची भिंत थरथरायची, भिंतीला ठोकलेलं फोटो मोठा करायचं यंत्र, म्हणजे एन्लार्जर, थरथरायचा आणि छापायला घेतलेला नवरदेवही थरथरायचा. त्यामुळं मोठे फोटो आम्ही गिरणी बंद असेल तेव्हाच छापायचो. वीज गेली की गिरणी बंद पडायची, पण तेव्हा एन्लार्जरही बंद असायचा, म्हणजे देवानं दिलेली ती शांतता आमच्या काही उपयोगाची नव्हती. खोलीत फोटो पक्का करायच्या हायपोचा आणि ॲसिडचा आंबूस वास कायमचा, आणि त्यात मागून अम्मीच्या वांग्याच्या रस्स्याचा, शुक्रवारी खिम्याचा वास येऊन मिसळायचा. अम्मीला आमच्या धंद्याबद्दल आदर अजिबात नव्हता. दह्याला विरजण लावताना दूध कोमट झालंय का बघायला ती आमचा थर्मामीटर घेऊन जायची, आणि मापाचा काचेचा ग्लास तर मला नेहमी तेलाच्या डब्यातच सापडायचा. घरात बोलायची भाषा मराठीच. हिंदी फक्त पाहुण्यांसमोर आणि रागावल्यावर.

ज्यांनी कधी फिल्म धुतली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या बारीक कणांचं. आम्ही त्याला दाणा म्हणायचो. फोटो मोठा केला की दाणाही मोठा होतो आणि गोरीपान नवरी रव्याच्या लाडवासारखी दिसायला लागते. दाणा बारीक ठेवायचा तर डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या औषधात, सल्फाइट भरपूर घालायचं. ते चांदीच्या कणांच्या कडा कुरतडतं. पण कडा कुरतडल्या की शार्पपणाही जातो, पापणीची, मिशीची, पदराच्या काठाची रेघ विरघळते. उलट डेव्हलपर पातळ केला, फिल्म जास्त वेळ ठेवली आणि कमी हलवली, तर रेघ न् रेघ कोरून काढल्यासारखी येते, पण दाणाही अंगावर येतो. एक हवं तर दुसरं थोडं सोडावं लागतं. गोष्ट एवढीच आहे, आणि एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या घरातले दोन पुरुष दोन वर्षं एकमेकांशी धड बोलले नाहीत.

अब्बा सल्फाइटवाले. त्यांच्या फोटोत सगळ्या आष्ट्याची कातडी एकसारखी गुळगुळीत. चाळीस वर्षं उन्हात ऊस तोडलेला गडी असो नाहीतर वाण्याची सून, अब्बांच्या टाकीतून बाहेर आले की दोघं सख्खे भाऊ-बहीण वाटायचे. जे सल्फाइटनं जायचं नाही ते अब्बा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवायचे. मी एकदा म्हटलं की अब्बा, माणूस ओळखू येत नाही. ते म्हणाले, "खरं तोंड गिऱ्हाईक आरशात रोज फुकट बघतं. तेच बघायला आपल्याकडं कशाला येईल?" आणि धंदा खरंच बरा चालला होता.

मग मामू आला. अम्मीचा धाकटा भाऊ. सांगलीत एका वर्तमानपत्रात फोटो काढायचा. एका पुढाऱ्याच्या नाकावरचा फोड त्यानं इतका शार्प छापला की निवडणुकीत लोक भाषण सोडून फोडाचीच चर्चा करत बसले. पुढारी पडला, मामूची नोकरी गेली, आणि तो एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडं राहायला आला. पेटीत एक सदरा आणि बाकी सगळ्या बाटल्या. मामूचा डेव्हलपर पाण्यासारखा पातळ, आणि त्याचा अभिमान मात्र चांगलाच दाट. अब्बांचे फोटो बघून तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "भाईजान, ही माणसं आहेत का मेणबत्त्या?" अब्बांनी ताटावरून उठून हात धुतले. त्या दिवशी अम्मीनं भरली वांगी केली होती, अब्बांच्या वाटणीची मी खाल्ली, म्हणून मला तो दिवस चांगला लक्षात आहे.

आता माझा नातू फोनवर फोटो काढतो आणि त्यात मुद्दाम दाणा घालतो. बोटानं एक रेघ सरकवली की दाणा वाढतो. "नानी, बघ, कसा जुना वाटतो ना?" म्हणतो. मी त्याला सांगितलं की हा दाणा जावा म्हणून तुझ्या पणजोबांनी आयुष्य घालवलं, तर तो म्हणाला, "मग बरं झालं ना, मी परत आणला." पोरगं आगाऊ आहे. ते माझ्यावर गेलंय असं सगळे म्हणतात.

तर बायाक्का. वेशीबाहेर मळ्यात राहायची. दाराशी गुरं, मागं ऊस, नवरा सुभेदार होऊन पेन्शनीवर आलेला आणि पुढं वारलेला. बकरी ईद होऊन चार-दोन दिवस झाले असतील, आमच्या अंगणात मटणाच्या पट्ट्या दोरीवर वाळत होत्या आणि शेजारच्या दोरीवर माझ्या फिल्मच्या. अम्मीनं माझे चिमटे पळवले होते म्हणून मी पुढं दुकानात भांडायला आले, तर ही म्हातारी नवरानवरीसाठी ठेवलेल्या मखमली खुर्चीवर मांडी घालून बसलेली. अब्बांना म्हणाली, "भाई, माजा भित्तीवरचा फोटू काडायचाय."

आमच्याकडं भिंतीवरचा फोटो म्हणजे माणूस गेल्यावर लावायचा फोटो. शहाणी माणसं तो जिवंतपणीच काढून ठेवत, कारण तसा काढला नसला तर घरचे लोक लग्नातल्या ग्रुपफोटोतून डोकं कापून आणायचे, आणि मग त्या बिचाऱ्याला कायम कुणातरी व्याह्याचा अर्धा खांदा शेजारी घेऊन भिंतीवर राहावं लागायचं. असे खांदे अब्बांनी शेकड्यांनी पुसले होते. त्यामुळं बायाक्काच्या बोलण्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. अब्बांनी खुशीत विचारलं, "काढू की. गोरा करू का सावळा?"

"आवं, त्येच सांगाय आलीया," बायाक्का म्हणाली. "माज्या थोरल्या जावंचा फोटू तुमीच केला न्हवं? नातवंडं इच्यारत्यात, ही कुठली नटी? म्हाळाला तिच्याम्होरं निवद दावून पत्र्यावर ठिवला, तर कावळा बसून ऱ्हायला बसून ऱ्हायला, शिवंना. त्येला बी वाटलं आसंल, घर चुकलं." मामू कोपऱ्यात बसून चहा पीत होता, त्याला ठसका लागला. अब्बांनी हिंदीत त्याला गप्प बसायला सांगितलं.

मग बायाक्का जरा हळू बोलायला लागली. तिचा धाकटा मुलगा संपत. पलटणीत भरती झाला आणि ट्रेनिंगातून पळाला. सुभेदाराच्या पोरानं पलटण सोडली म्हटल्यावर बाप पायाखाली तुडवील या भीतीनं तो घरी आलाच नाही. विट्याचे लोक गावोगाव सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात, तसल्या कुणाबरोबर तो खाली मद्रासकडं गेला एवढंच कळलेलं. बाप मेला तेव्हाही त्याला कळवायला पत्ता नव्हता. "त्यो येनार," बायाक्का म्हणाली. "कवा तरी येनार. मी आसन का न्हाई कुनाला ठावं. नसले, तर त्येला भित्तीवर त्येची आई घावाय पायजे. नटी न्हाई." आणि तिनं हनुवटी पुढं केली. हनुवटीवर बारीक हिरवट ठिपक्यांचं गोंदण होतं, कपाळावर तुळस. "ह्ये दिसाय पायजे. ह्येच्यावरनंच त्यो मला वळखंल. आन् फोटू सुभेदाराच्या फोटूएवढाच पायजे, बोटभर बी कमी चालायचा न्हाई."

अडचण इथंच होती. सुभेदारांचा फोटो अब्बांनी पूर्वी लाकडी कॅमेऱ्यावर, मोठ्या निगेटिव्हवर काढला होता. त्या कॅमेऱ्याचा भाता मधल्या काळात उंदरांनी खाल्ला होता, आणि अब्बा आता छोट्या कॅमेऱ्यावर छोट्या फिल्मची रिळं काढत होते. तेवढ्याशा निगेटिव्हवरून तेवढा मोठा फोटो करायचा म्हणजे दाणा ज्वारीएवढा होणार. सल्फाइटनं तो दाबावा तर हनुवटीवरचे ठिपके विरघळणार. अब्बांनी हे सगळं तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी ते म्हणाले, "होऊन जाईल."

फोटो मळ्यात तिच्या दारात काढायचा ठरलं, कारण स्टुडिओतल्या पडद्यावर रंगवलेल्या बदकांपुढं बसायला तिनं साफ नकार दिला. सकाळचं तिरकं ऊन होतं. मी पांढरी चादर धरून उजेड तिच्या तोंडावर टाकत होते. अब्बा घाबरले की त्यांची बोटं कॅमेऱ्यावर नाचतात. त्यांनी तिचे फोटो काढले, मध्येच आडवं आलेल्या वासराचे काढले, चादर धरलेल्या माझ्या हाताचाही एक काढला. निघताना अब्बा सहज म्हणाले, नीट नाही आले तर परत येऊ. बायाक्का भडकलीच. "परत बिरत काय न्हाई. भित्तीवरच्या फोटूला एकदाच बसायचं आसतं. दुसऱ्यांदा बसलं की त्येला वाटतं, हिला लयच घाई झालीया." त्याला म्हणजे कुणाला हे तिनं वर बोट करून दाखवलं.

म्हणजे रीळ एकच, आणि ते धुवायचं एकदाच. घरी आल्याबरोबर भांडण जुंपलं. अब्बा म्हणाले, माझ्या डेव्हलपरात धुवायचं, एवढ्या मोठ्या फोटोत दाणा आला तर म्हातारी देवीचे फोड आल्यासारखी दिसेल. मामू म्हणाला, तुमच्या डेव्हलपरात गोंदण राहिलं तर मी मिशा उतरवीन. मी रीळ मुठीत धरून दोघांच्या मध्ये उभी. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा अम्मी स्वयंपाकघरातून हातात डाव घेऊन बाहेर आली. म्हणाली, "कापा की मग. बकरं एकच असतं, तरी कुर्बानीचे तीन वाटे करताच ना? एक घरच्यांचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा. करा तसं, आणि जेवायला बसा." अब्बा घरचे. मामू नातलग. गरीब कोण हे कुणी विचारायच्या आत मी हात वर केला. दोघांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू एन्लार्जरच बोलला. पण अम्मीच्या हातात डाव होता.

अंधारात फिल्म कापताना कुठं चित्र आहे आणि कुठं दोन चित्रांमधली फट, हे कळायला मार्ग नसतो. बोटांनी लांबी चाचपली, बिस्मिल्ला म्हटलं आणि कात्री चालवली. दोनदा. पहिला वाटा अब्बांनी आपल्या डेव्हलपरात धुतला. वाळल्यावर भिंगातून बघितला, छोटा छापून बघितला: लोण्यासारखी मऊ म्हातारी, हनुवटी कोरी. ठिपक्यांच्या जागी नुसती एक सावली, जणू जेवून तोंड पुसायचं राहिलंय. अब्बा म्हणाले, "पेन्सिलीनं गोंदून देईन की." मामू हसला नाही, कारण आता त्याची पाळी होती. त्याच्या वाट्यात पापणीचा केस न् केस आला, लुगड्याचा धागा आला, आणि मोठं करून बघितल्यावर दाणाही असा आला की हनुवटीवरचे ठिपके कुठले आणि फिल्मचे कुठले हे सांगता येईना. बायाक्काचं सगळं तोंडच गोंदल्यासारखं दिसत होतं. मामूनं भिंग खाली ठेवलं आणि तो चहा करायला उठला. तो चहा स्वतः करतो म्हणजे मामला गंभीर, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

उरला माझा वाटा. आता हे बिघडलं तर बायाक्का भिंतीवर येणारच नव्हती, आणि माझ्या डोक्यात सारखा तिचा तो कुठंतरी भट्टीपुढं बसलेला मुलगा यायला लागला, ज्याला मी कधी बघितलंही नव्हतं. मला भीती वाटत होती, उगाच शूर असल्याचं सांगत नाही. मी विचार केला तो असा: अब्बांच्या डेव्हलपरात जेवढं डेव्हलपर तेवढंच पाणी घालावं. सल्फाइट निम्मं झालं की कडा कुरतडण्याचं प्रमाण कमी होईल, पण मामूसारखा दाणा मोकाट सुटणार नाही. वेळ वाढवायची. फिल्म हलवायची, पण पाळणा हलवावा इतपत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. आमच्याकडं डेव्हलपर माठाजवळचा थंड आणि धुवायचं पाणी पिंपातलं, उन्हानं तापलेलं. फिल्मला असा थंड-गरम झटका बसला की दाण्यांचे पुंजके होतात, हे मी कितीतरी वेळा बघितलं होतं आणि कितीतरी वेळा सांगितलं होतं. या खेपेला मी अम्मीचं अंघोळीचं घंगाळ आणलं, त्यात माठातलं पाणी ओतलं आणि डेव्हलपर, हायपो, धुवायचं पाणी, सगळ्यांच्या बाटल्या त्या एका घंगाळात बुडवून ठेवल्या. थर्मामीटर दुधातून काढून आणला. अम्मीची अंघोळ त्या दिवशी राहिली, आणि तिनं ते मला पुढं तीस वर्षं ऐकवलं.

फिल्म धुऊन वर काढली तेव्हा पहिलं चित्र कात्रीनं मधोमध कापलेलं होतं: अर्धी बायाक्का. दुसऱ्यात वासरू. तिसऱ्यात तिचे डोळे मिटलेले. चौथ्यात माझा हात. पाचव्यात ती सरळ बघत होती, रागानं, बहुधा अब्बांकडं. मी भिंग लावलं आणि हनुवटीवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसली, एकेक सुटा. निगेटिव्हवर काळं ते पांढरं दिसतं. मी ओरडले तशी स्टँडावरून कुणीतरी विचारलं, "काय झालं गं आत?"

छापताना गिरणी आडवी आली. दळणाला बायांची रांग लागली होती आणि गिरणी थांबायचं नाव घेईना. शेवटी मी पीठ उडत असलेल्या गिरणीत जाऊन दगडूमामाच्या कानात ओरडले की मला जरा वेळ गिरणी बंद पाहिजे, बायाक्काचा फोटो छापायचाय. दगडूमामानं पट्टा सोडवला आणि रांगेकडं तोंड करून हाक मारली, "थांबा गं बायांनो! म्हातारी छापाय चाललीया. हालायचं न्हाई कुनी!" बाया खरंच हलल्या नाहीत. मी पळत येऊन कागद लावला, उजेड सोडला, आकडे मोजले. डिशमधल्या डेव्हलपरात आधी डोळे आले, मग लुगड्याचा काठ, मग हनुवटी. दाणा होता. नव्हता असं कशाला म्हणू? हाताच्या अंतरावरून बघितला तर दिसत होता, दोन पावलं मागं सरकलं की त्याचीच कातडी व्हायची, आणि ठिपके ठिपकेच राहायचे.

अब्बांनी फोटो खिडकीत नेऊन बराच वेळ बघितला. म्हणाले, "सल्फाइट माझंच ना?" मामू म्हणाला, "पातळ केलं ना? मग पद्धत माझी." दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघं एका गोष्टीवर बोलत होते, म्हणून मी डिश धुवायला घेतल्या. बायाक्कानं येऊन फ्रेम केलेला फोटो मांडीवर घेतला, भिंतीवरचा छोटा आरसा मागितला, एकदा आरशात बघितलं, एकदा फोटोत. मग म्हणाली, "लय वंगाळ दिसतीया." अब्बांचा हात पेन्सिलीकडं गेला. "मीच हाय," ती म्हणाली आणि पदराच्या टोकानं काच पुसली.

पण घरी फोटो लावायला सुना तयार नव्हत्या. जित्या माणसाचा फोटो त्या भिंतीवर लावणं बरं नव्हे म्हणाल्या. तेव्हा बायाक्कानंच सुचवलं की तोवर तुमच्याकडंच राहू द्या. अब्बांना तेच हवं होतं. त्यांनी तो स्टँडाच्या बाजूच्या शोकेसमध्ये लावला, आणि फ्रेमबरोबर चंदनी सालींचा हार घेतला तर कसा दिसेल हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून, तिला विचारून, वर हारही घातला. विचारल्यावर ती म्हणाली होती, "घाल की. हार घातल्यावर कशी दिसती ते मला तरी कवा बघाय मिळनार?" एवढी फक्त ताकीद होती की हार हनुवटीवर येता कामा नये. दर बाजाराच्या दिवशी ती यायची, शोकेसपुढं उभी राहायची आणि काचेवर धूळ बसली म्हणून, नाहीतर आमच्याकडूनच शिकलेल्या शब्दात, 'दाना' दिसतो म्हणून मला शिव्या घालायची. एसटीची वाट बघणारे लोक फोटोला नमस्कार करायचे, आणि ही शेजारी उभी राहून ते मान हलवून स्वीकारायची.

असे बरेच महिने गेले. एका दुपारी इस्लामपूरची गाडी स्टँडात लागली होती आणि मी पुढं दुकानात एकटीच होते. एक माणूस आत आला. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग. मग त्यानं शोकेसकडं बोट केलं आणि विचारलं, "ही कवा गेली?"

मी म्हटलं, "बायाक्का? ती कुठं जातीय. आज सकाळीच येऊन मला शिव्या घालून गेली."

तो दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. बाहेर कंडक्टर घंटी मारत होता, कुणीतरी ओरडत होतं की बॅगवाला राहिला, आणि गाडी त्याची बॅग घेऊन निघून गेली. त्यानं वळूनही बघितलं नाही. मालकाच्या घरच्या लग्नाला शिराळ्याला निघालो होतो, आष्ट्यात उतरायचं नव्हतं, उतरायची हिंमतच नव्हती, असं काहीतरी तो सांगत होता, निम्मं मराठीत आणि निम्मं तिकडच्या भाषेत. "खिडकीतनं हनुवटी दिसली," एवढं मात्र त्यानं स्वच्छ मराठीत सांगितलं आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर रडता रडता मी हे अंतरही मोजत होते. गाडीची खिडकी ते शोकेस, मधे काच, धूळ आणि दारातल्या चिंचेची सावली. तेवढ्या लांबून ते ठिपके दिसले होते. इतका आनंद मला पुढं माझ्या लग्नातही झाला नाही.

अब्बा झोपेतून उठून आले, दुकान बंद केलं, आणि आम्ही तिघं चालत मळ्याकडं निघालो. वाटेत संपत सदरा सारखा खाली ओढत होता. बायाक्का दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं वर बघितलं, अब्बांकडं, माझ्याकडं, मग त्याच्याकडं, आणि त्रासिकपणे म्हणाली, "ह्यो कोन रं आनलास भाई? टोळीचा मुकादम व्हय? सांग त्येला, आमच्या उसाला अजून तोड न्हाई आली."

संपतनं पुन्हा सदरा खाली ओढला. त्याचा एकही फोटो घरात नव्हता, सुभेदारांनी सगळे जाळले होते, आणि त्याच्या हनुवटीवर काही गोंदलेलं नव्हतं. शेवटी अब्बाच म्हणाले, "आक्का, संपत हाय."

शेंगा तिच्या मांडीवरून सांडल्या. ती उठली, जवळ आली, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून उजेडाकडं फिरवलं. असं फिरवलं, तसं फिरवलं. "ह्यो?" ती म्हणाली. "माज्या संपत्याला एवढं केस हुतं." मग तिनं त्याच्या टकलावरून हात फिरवला, मागं मानेपर्यंत, आणि तो हात तिथंच राहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. गोठ्यात वासरू दावं ओढत होतं.

मग ती त्याला तसाच धरून माझ्याकडं वळली. "जैबे, ह्येचा फोटू काड. आत्ताच्या आत्ता. परत गेला तर मी काय बघून वळखू ह्येला? दाना पडू दे न्हाईतर काय बी हू दे."

मी म्हटलं, "आक्का, कॅमेरा दुकानात राहिलाय."

"मग पळ की! हुबी काय ऱ्हायलीस?"

मी पळत सुटले. उसाच्या कडेला पोचल्यावर एकदा मागं वळून बघितलं. अब्बा खाली बसून शेंगा गोळा करत होते, आणि बायाक्कानं संपतची कॉलर दोन्ही मुठींत गच्च धरून ठेवली होती.